आधी हाक, मग वाट

नव्या वर्षाच्या पहिल्या प्रार्थनेत आपण देवाकडे वर्षभराचा आराखडा मागतो. पंडिता रमाबाईंना तसा आराखडा आधी हाती आला नव्हता. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं ते विधवांच्या शिक्षणासाठी. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी, निराधार मुली त्यांनी पाहिल्या आणि शेकडो जणींना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती सदन त्या गरजेतून वाढलं. देवाचा हेतू असाच, समोरच्या माणसाच्या निकडीतून कळत जातो, असं मला ठामपणे वाटतं. कुणी विचारेल, ही तर निव्वळ माणुसकी, इथे देव कशाला? रमाबाईंच्या आयुष्यात मात्र हे दोन्ही वेगळं काढता येत नाही. अखेरची कित्येक वर्षं त्यांनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणण्यात घातली. त्याची छपाई झाली ती केडगावच्याच छापखान्यात, तिथल्या बायकांच्या हातून.