काळवंडलेली मान घासू नका, ताट बदला

‘अंघोळ करताना मान नीट घासत नाहीस का?’ हा प्रश्न आपल्याकडच्या कितीतरी मुलामुलींनी ऐकलेला असतो. शाळेत बाई विचारतात, घरी आजी विचारते आणि मुलगी लग्नाची झाली की नात्यातले कोणीही विचारते. मग लिंबाची फोड, डाळीचे पीठ, हळद, वजरी आणि शेवटी औषधाच्या दुकानातली गोरेपणाची ट्यूब, असे एकामागून एक उपाय सुरू होतात. कातडी सोलवटते, चुरचुरते. पण काळेपणा जात नाही. जाणार कसा? तो मळ नसतोच.

ही तक्रार घेऊन माझ्या दवाखान्यात येणाऱ्यांत पंधरा ते तीस वयाच्या मुली अधिक असतात. मुलग्यांनाही हा त्रास होतो, पण त्यांना त्यासाठी कोणी डॉक्टरकडे पाठवत नाही. ते सर्दी-खोकल्यासाठी येतात आणि मान मला दिसते. बहुतेकांना एखादे मलम हवे असते. मी आधी वजनकाटा, मोजपट्टी आणि रक्ततपासणीची चिठ्ठी पुढे करतो, तेव्हा पुष्कळांचा हिरमोड होतो. तो का पत्करावा, हे आज सांगायचे आहे.

हे आहे तरी काय?

वैद्यकशास्त्रात या विकाराला ‘अ‍ॅकँथोसिस नायग्रिकन्स’ असे लांबलचक नाव आहे. मानेच्या मागे व बाजूला, काखेत, जांघेत, कधी कोपरांवर आणि बोटांच्या सांध्यांवर कातडी काळसर, जाड आणि मखमलीसारखी होते. जोडीला मानेवर चामखिळीसारखे बारीक लोंबते दाणेही दिसतात. उन्हाने रापलेली कातडी उघड्या भागावर असते. हा काळेपणा झाकलेल्या काखेतही असतो. तेव्हा उन्हाला, चेनला किंवा मंगळसूत्राला दोष देण्यापूर्वी काख पाहावी.

याचे मूळ बहुतेक वेळा इन्शुलिनमध्ये असते. आपण जेवलो की रक्तात साखर येते. ती स्नायूंनी आणि यकृताने घ्यावी म्हणून स्वादुपिंड इन्शुलिनच्या रूपाने त्यांना हाक मारते. पोटात आणि यकृतात चरबी साचली, स्नायूंना काम उरले नाही, की त्यांना ही हाक कमी ऐकू येऊ लागते. मग स्वादुपिंड मोठ्याने ओरडते. एका हाकेचे काम चार हाकांनी होऊ लागते. यालाच इन्शुलिनरोध म्हणतात. ओरडण्याने काही वर्षे काम भागते, साखर आटोक्यात राहते आणि रक्ताचा अहवाल ‘नॉर्मल’ येतो.

पण ही आरडाओरड शेजाऱ्यांच्या कानीही पडते. त्वचेच्या पेशींवर वाढीचा संदेश घेणाऱ्या जागा असतात. जास्तीचे इन्शुलिन तिथेही जाऊन बसते आणि त्या पेशी भराभर वाढू लागतात. थर जाड होतो, त्यावर बारीक घड्या पडतात आणि कातडी काळी दिसते. इन्शुलिनरोध आणि ही त्वचा यांचा संबंध अमेरिकेतील कान, फ्लायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली मांडला. म्हणजे ही गोष्ट नवी नाही; ती आपल्या घरांपर्यंत पोहोचलेली नाही, इतकेच.

म्हणूनच ‘साखर नॉर्मल आहे, आता मलम द्या’ हे म्हणणे मला मान्य नाही. साखर वाढण्याआधी मान बोलते, आणि तेव्हाच ऐकले तर फायदा सर्वांत जास्त. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ किंवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ‘एचबीए१सी’ ५.७ ते ६.४ आली, तर ती मधुमेहाच्या उंबरठ्याची खूण. कंबर पुरुषाची ९० आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या पुढे असेल तर तीही खूणच. मुलीची पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केस येत असतील, तर पीसीओडीची तपासणी करावी; त्याच्या मुळाशीही पुष्कळदा हाच इन्शुलिनरोध असतो. इन्शुलिनची महागडी तपासणी सरसकट करण्याची मात्र गरज नसते.

‘ती तर सडपातळ आहे!’

असे म्हणून गाफील राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचे एकत्र छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. उंचीच्या मानाने वजन मोजणारा निर्देशांक दोघांचाही अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! आपली भारतीय शरीरयष्टी अशी फसवी आहे. हातपाय बारीक आणि पोटात चरबी.

देशाचे चित्रही चिंता वाटावी असेच आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उंबरठ्यावरच्यांना मागे फिरता येते, आणि ती वाट स्वयंपाकघरातून जाते.

ताटात काय बदलायचे?

वर्तमानपत्रांतून ओट्स, बदाम आणि ऑलिव्ह तेलाचे सल्ले पुष्कळ येतात. ज्याच्या घरी रेशनचा गहू-तांदूळ येतो, त्याने त्यांचे काय करायचे? आपल्या आठवडी बाजारात मिळते त्यातच उपाय आहे.

पहिली गोष्ट चहाची. कपात दोन चमचे साखर आणि दिवसाकाठी पाच कप, म्हणजे दहा चमचे साखर झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर दिवसाला साधारण सहा चमच्यांच्या आत ठेवणे उत्तम. म्हणजे आपला हिशेब चहातच संपतो. बिस्किटे, टोस्ट, उसाचा रस आणि थंड पेयांच्या बाटल्या वेगळ्याच. गूळ आणि मध ‘चालतात’ ही समजूत सोडावी. इन्शुलिनला त्यांतला फरक फारसा कळत नाही. एकदम साखर सोडवत नसेल तर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करावी. जीभ महिन्याभरात सरावते.

दुसरी गोष्ट ताटाच्या मांडणीची. आपल्याकडे ताटाच्या मधोमध भाताचा डोंगर किंवा पोळ्यांची चळत आणि कडेला चमचाभर भाजी असते. हे उलट करावे. अर्धे ताट भाजी व कोशिंबिरीचे, पाव ताट उसळ, घट्ट वरण, पिठले, अंडी किंवा मासळीचे आणि उरलेले पाव ताट भाकरी, पोळी किंवा भाताचे. मेथी, शेपू, अंबाडी, चवळी, गवार, दोडका यांपैकी स्वस्त असेल ते घ्यावे. जेवताना आधी कोशिंबीर व उसळ खावी, भात शेवटी. त्याने साखर हळू चढते.

ज्वारी-बाजरीची भाकरी चांगलीच. पण भाकरी म्हणजे औषध नव्हे. पाच भाकऱ्या आणि मिरचीचा ठेचा हेही पिठाचेच जेवण. नाश्त्याला नुसते पोहे किंवा उपमा असेल तर त्यात मटार, मोड आलेली मटकी घालावी, किंवा मुगाचे धिरडे करावे. उपासाचे सांगायचे तर साबुदाणा, बटाटा आणि वर शेंगदाण्याचे तेल, असा आपला उपास रोजच्या जेवणाहून जड असतो. उपास करायचाच तर ताक, काकडी आणि एखादे फळ यावर करावा.

तिसरी गोष्ट पायांची. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालले की स्नायू इन्शुलिनच्या हाकेची फारशी वाट न पाहता साखर ओढून घेतात. त्याला खर्च काही नाही.

ताट कोणाचे बदलायचे?

माझे खरे भांडण इथे आहे. मी मुलीला आहार सांगतो आणि घरी तिच्या एकटीच्या ताटात बदल होतो. बाकीचे भजी खातात, ती काकडी खाते, आणि वर ‘तुला डॉक्टरांनी सांगितले आहे ना?’ असे टोमणे. असा आहार पंधरा दिवस टिकतो. इन्शुलिनरोध घराण्यात चालत येतो; मुलीची मान काळी असेल तर आईची साखर आणि वडिलांची कंबरही मोजून घ्यावी. साखरेचा डबा आणि तेलाचा कॅन साऱ्या घराचा असतो. तो महिन्याला किती दिवसांत संपतो, यावर नजर ठेवावी.

आणखी एक. अनेक घरांत बायका अजूनही शेवटी जेवतात. तोवर उसळ संपलेली असते, भाजी तळाला गेलेली असते. उरतो भात आणि पातळ आमटी. मग त्या भातावरच पोट भरतात आणि वजन वाढले की बोलणीही त्यांनीच खायची! सर्वांनी एकत्र बसून जेवावे आणि उसळ सर्वांना सारखी वाढावी, हा माझ्या मते मोठा औषधोपचार आहे. त्याची चिठ्ठी मात्र घरातल्या कर्त्या माणसाने लिहायची आहे.

मलमांबद्दल

गोरेपणाच्या नावाखाली स्टिरॉइड असलेली मलमे सर्रास लावली जातात. त्यांनी कातडी पातळ होते, लाल पडते, त्यावर केस येतात. सरकारने २०१८ साली अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असे ठरवले; तरी ती मागितली जातात आणि मिळतात. त्वचारोगतज्ज्ञ काही मलमे देतात, त्यांनी थोडा उजळपणा येतोही. पण आतले इन्शुलिन तसेच राहिले तर काळेपणा परततो.

किती दिवसांत फरक पडेल?

खरे सांगायचे तर त्वचेला महिने लागतात, आणि जुना काळेपणा पूर्ण जाईलच असे नाही. पण लाभ मानेपेक्षा मोठा आहे. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात उंबरठ्यावरच्या लोकांनी वजन सुमारे सात टक्के उतरवण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायामाचे ध्येय ठेवले. त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिनच्या गोळीने ते ३१ टक्क्यांनी घटले. सत्तर किलोच्या माणसाला सात टक्के म्हणजे जेमतेम पाच किलो. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ सालच्या भारतीय अभ्यासात वजन फारसे न उतरताही आहार व चालण्याने हे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले.

सावधगिरीच्या दोन गोष्टी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी, गर्भवतींनी आणि मूत्रपिंडाचे रुग्ण असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच आहार बदलावा. वाढत्या मुलांना उपाशी ठेवू नये. आणि उतारवयात, वजन घटत असताना हा काळेपणा अचानक व झपाट्याने पसरला, तळहात किंवा तोंडाच्या आतही दिसू लागला, तर ताबडतोब मोठ्या रुग्णालयात जावे. क्वचित तो पोटातल्या कर्करोगाची खूण असतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून शाळांतून मुले तपासतात. दात, डोळे पाहताना त्यांनी मुलांच्या मानेवरही एक नजर टाकावी. त्याला यंत्र लागत नाही, सुई लागत नाही, मिनिटभरही लागत नाही. शिक्षकांनी आणि पालकांनीही तेवढीच नजर टाकावी, पण ती काळजीची. काळ्या मानेच्या मुलीला स्वच्छतेचे धडे द्यायची गरज नाही. तिला वाटीभर उसळ वाढा, तिच्याबरोबर चालायला जा, आणि तिची रक्ततपासणी या महिन्यातच करून घ्या.