दारिद्र्य हे गुरुकुल नव्हे

सिंगापुरातील मराठी मंडळींच्या बैठकीत, साताऱ्याच्या माण-खटावाकडून येऊन इथे मोठ्या हुद्द्यावर पोहोचलेला गृहस्थ बालपणाविषयी बोलू लागला, की अनवाणी तुडवलेली वाट, कंदिलाची काजळी आणि बापाच्या आसुडाचे वळ सांगून अखेरीस तो हमखास म्हणतो, की त्या हालअपेष्टांनीच आपल्याला घडवले. हा सिद्धांत मला सर्वथा अमान्य आहे. कारण त्याच वाटेने चालणारी, तितकीच उपाशी आणि कदाचित अधिक तल्लख असलेली मुले दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीस गेली आणि शाळेला कायमची अंतरली, त्यांना या थोर गुरूने का वगळले, याचे उत्तर त्यात नाही.

सिंगापूरचे माजी राष्ट्राध्यक्ष एस. आर. नाथन यांचा दाखला प्रतिपक्ष देईल. जोहोरमधील मुआर येथे गेलेले बालपण, आठव्या वर्षी पित्याची आत्महत्या, शाळेतून हकालपट्टी, घरातून पलायन, इतके सारे सोसूनही त्यांच्या हाती मलाया विद्यापीठाची समाजकार्याची पदविका पडायला १९५४ साल, म्हणजे वयाची तिशी उजाडली. सरकारी सेवेचे दार उघडले ते त्यानंतर; म्हणजे ते हालांनी नव्हे, शिक्षणाने उघडले.

आमच्याकडे हे मर्म भाऊराव पाटलांनी ओळखले. काले येथे १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापून पुढे साताऱ्यास वसतिगृह काढणाऱ्या या पुरुषाने मुलाच्या निर्धाराची परीक्षा न घेता आधी त्याच्या भाकरीची तजवीज केली, आणि त्यापायी पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिनेच काय, मंगळसूत्रही मोडले. त्यांची ‘कमवा आणि शिका’ योजना हीसुद्धा कष्टांचीच पूजा नव्हे काय, असा आक्षेप येईल, व तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. परंतु तेथील श्रम मुलाच्या शिक्षणाच्या खाती जमा होत, तर सावकाराच्या बांधावरील त्याचे श्रम बापाच्या कर्जाच्या व्याजात बुडत, हा भेद मूलगामी आहे. यशवंतराव चव्हाणांच्या मुख्यमंत्रिपदाच्या कारकिर्दीत वार्षिक बाराशे रुपयांच्या आतील उत्पन्नाच्या कुटुंबांना जी फी-माफी मिळाली, तिनेही हेच केले: घराची ऐपत आणि मुलाचे शिक्षण यांची फारकत केली.

म्हणून गावाचे ऋण फेडण्यासाठी इथे वर्गणी जमते तेव्हा, शाळेत पहिल्या आलेल्याच्या बक्षिसाऐवजी, पंचावन्न टक्क्यांवर रेंगाळणाऱ्या आणि खाणावळीचे बिल थकल्याने तालुक्याचे वसतिगृह सोडू पाहणाऱ्या मुलाकडे ती रक्कम प्रथम गेली पाहिजे, असा माझा आग्रह आहे.