झाकलेल्या जागेचेही दाम द्या

धाराशिव, तुळजापूर, उमरगा येथील कापड दुकानांतून हल्ली ‘हँड ब्लॉक’च्या चादरी आणि ड्रेसपीसला बरी मागणी आहे. ही चिठ्ठी लावली की मालाला चार पैसे जास्त मिळतात. परंतु या चिठ्ठीखाली स्क्रीनवर छापलेला मालही बिनदिक्कत विकला जातो, हे आपण व्यापारी जाणतो. स्क्रीनचा माल विकण्यात काहीच गैर नाही, आम्हीही तो विकतो. तो हाताचा म्हणून विकला की मात्र ग्राहक फसतो आणि ठसा मारणाऱ्या कारागिराची मजुरी स्क्रीनच्या भावावर येऊन आदळते.

आपल्याला सूत कळते, रंग कळतो, अर्ज कळतो. ठशाच्या कामातील झाकण्याचा हुन्नर मात्र फार थोड्यांना कळतो. कापडावर रंग लावणे त्या मानाने सोपे आहे. नको तिथे रंग लागू न देणे अवघड आहे आणि खरी मजुरी त्याचीच आहे.

साधे उदाहरण चादरीच्या कोपऱ्याचे घ्या. दोन बाजूंच्या किनारी कोपऱ्यात येऊन मिळतात तेव्हा एकीवर दुसरी चढून नक्षी बिघडते. मग कारागीर कागद तिरका दुमडून कोपऱ्यात बरोबर कर्णरेषेवर ठेवतो. पहिल्या किनारीचा जास्तीचा ठसा त्या कागदावर उमटतो. रंग सुकल्यावर नवा कोरा कागद छापलेल्या भागावर उलट बाजूने ठेवून तो दुसरी किनार मारतो. कागद उचलला की दोन्ही किनारी एका रेषेत जुळलेल्या दिसतात. कागद केसभर सरकला किंवा ओला कागद पुन्हा वापरला तर चादर डागाळते. एका चादरीला असे चार कोपरे असतात.

याहून मोठा हुन्नर कच्छच्या अजरखमध्ये आहे. हे काम तेथील मुस्लिम खत्री बिरादरीने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले आहे. हिरड्याच्या पाण्यातून काढून वाळवलेल्या कापडावर ते चुना आणि बाभळीच्या डिंकाची लापशी ठशाने छापतात. जिथे लापशी बसली तिथे रंग धरत नाही. लोखंडाचा गंज आणि गूळ आंबवून काळा रंग होतो, तर लाल रंगासाठी तुरटी छापतात. लाल राखायचा भाग मातीच्या लेपाने झाकून कापड निळीत बुडवतात. अजरखमधली पांढरी रेघ म्हणजे शेवटपर्यंत झाकून वाचवलेले मूळ कापड असते. या मालाला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळाले.

मग माल ओळखावा कसा? प्रथम कापड उलटून पाहा. निळीत बुडवलेल्या कापडाची मागची बाजूही निळी असते. नुसत्या छापलेल्या नकलेची पाठ बहुधा फिकी पडते. दुसरे, ठशांचे सांधे पाहा. हाताचा सांधा कुठे किंचित चढतो, कुठे किंचित सुटतो. तीच चूक मोजून तेवढ्याच अंतरावर पुन्हा आली तर ते यंत्राचे काम समजा. रोटरी स्क्रीनचा घेर बहुतेक ६४ सेंटिमीटर असतो, तेव्हा गजपट्टी लावली तरी पुष्कळ समजते. तिसरे, चादरीचा कोपरा पाहा आणि विकणाऱ्याला तो कसा जुळवला ते विचारा. ज्याने स्वतः माल करवून घेतला आहे तो लगेच सांगेल.

आपल्या जिल्ह्यात हे काम होईल काय, असे काही बांधव विचारतात. अजरख होणार नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. त्याला धुण्यासाठी मुबलक आणि चांगले पाणी लागते. २००१ च्या भूकंपानंतर धमडक्याचे पाणी रंगाला योग्य राहिले नाही, म्हणून अनेक खत्री कुटुंबांनी भुजजवळ अजरखपूर हे नवे गाव वसवले. किल्लारी-सास्तूरचा १९९३ चा भूकंप आणि वरचेवर टँकर पाहणाऱ्या आपल्या लोकांना यातील अडचण समजावून सांगायला नको.

परंतु कागद झाकून पिगमेंट रंगाने छापण्याला फारसे पाणी लागत नाही. साधे सुती कापड शेजारी सोलापूरला मिळते. टेबल, गादी, रंग आणि काही ठसे एवढ्यावर सुरुवात होते. सागवानी ठसा परवडत नसेल तर शिकाऊ मुलाने लिनोलियमच्या तुकड्यावर नक्षी कोरून हात बसवावा. चित्रकला शाळांत लिनोवर छपाई शिकवतात, कागदाने झाकण्याची रीत तिथेही चालते. आपल्याच तेरहून, म्हणजे जुन्या तगरहून, पहिल्या शतकात कापड गाड्यांतून भडोचला जात असे, अशी नोंद ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आहे. आज छापील माल गुजरातेतून आपल्याकडे येतो. थोडा तरी माल इथे छापला जावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

यासाठी व्यापारी बांधवांनी दोन गोष्टी कराव्यात. बिलावर ‘हातछपाई’ किंवा ‘स्क्रीन’ असे साफ लिहावे. आणि मजुरी ठरवताना नुसते मीटर न मोजता कोपरे आणि झाकणीचे हात वेगळे धरावेत. कागद उचलल्यावर ही मेहनत कुणाला दिसत नाही. तिचा हिशेब व्यापाऱ्याने ठेवला नाही तर ग्राहक कुठून ठेवणार? आणि मजुरी सुटली नाही तर कारागिराचा मुलगा ठसा हातात का धरील?