फर्मवेअर अपडेटनंतर राउटर सुरूच होत नाही? फेकून देण्याआधी हे समजून घ्या

ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एकाच इंटरनेट कंपनीचे ६ लाखांहून जास्त राउटर अवघ्या ७२ तासांत बंद पडले. रीसेट करूनही लाल दिवा जात नव्हता. शेवटी हे राउटर बदलून द्यावे लागले. या प्रकाराचा अभ्यास करणाऱ्या 'ब्लॅक लोटस लॅब्स' या सायबर सुरक्षा गटानं मे २०२४ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. राउटरमध्ये मुद्दाम घातक फर्मवेअर घुसवण्यात आलं होतं, असा त्यांचा निष्कर्ष होता.

घरातला राउटर अपडेटनंतर बंद पडतो, तेव्हा मात्र कारण सहसा साधं असतं. अपडेट चालू असताना लाईट गेली, चुकीची फाईल टाकली गेली किंवा घाईत कुणीतरी बटण बंद केलं. असा राउटर अनेकदा घरीच पुन्हा चालू करता येतो. कसा, ते पाहूया.

अपडेट फसलं म्हणजे नेमकं काय झालं?

राउटर हा एक छोटा कॉम्प्युटरच असतो. त्याच्या फ्लॅश मेमरीत दोन महत्त्वाचे भाग असतात. पहिला बूटलोडर. वीज मिळताच हा आधी जागा होतो. दुसरा फर्मवेअर, म्हणजे वायफाय, पासवर्ड, सेटिंगचं पान हे सगळं चालवणारी प्रणाली. बूटलोडर फर्मवेअरला उठवतो आणि मग राउटर सुरू होतो.

अपडेटमध्ये सहसा फक्त फर्मवेअर बदलतं. ते अर्धवट लिहिलं गेलं तर राउटर सुरू होत नाही, पण बूटलोडर शाबूत असतो. राउटर वाचण्याची आशा आहे ती यामुळेच.

मग रीसेट केल्यावर तो ठीक का होत नाही?

कारण रीसेट फक्त तुमची सेटिंग पुसतं. बिघडलेलं फर्मवेअर तसंच राहतं. म्हणून पिन खुपसून दहा वेळा रीसेट केलं तरी उपयोग होत नाही.

आधी काय तपासायचं?

अपडेटनंतर किमान १५ मिनिटं राउटरला हात लावू नका. काही राउटर या काळात स्वतःच दोन-तीनदा बंद-चालू होतात. त्यानंतरही काही हालचाल नसेल, तर वीज बंद करून अर्ध्या मिनिटानं पुन्हा लावा. एकही दिवा लागत नसेल तर आधी अडॅप्टरवर संशय घ्या. तेवढ्याच व्होल्टचा आणि पुरेशा अँपिअरचा दुसरा अडॅप्टर लावून पाहा.

दिवे लागतात, पण वायफाय दिसत नाही किंवा एकच दिवा लुकलुकत राहतो? मग बूटलोडर जिवंत असण्याची शक्यता चांगली आहे.

राउटर परत चालू कसा करायचा?

१. राउटरच्या तळाशी मॉडेल क्रमांक आणि हार्डवेअर व्हर्जन छापलेलं असतं. दोन्ही लिहून घ्या. एकाच मॉडेलच्या दोन व्हर्जनचं फर्मवेअर वेगळं असू शकतं.

२. मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून कंपनीच्या अधिकृत वेबसाईटवर जा आणि नेमकं तेच फर्मवेअर उतरवा. झिप फाईल असेल तर उघडून घ्या.

३. कॉम्प्युटरचं वायफाय बंद करा. लॅन केबल राउटरच्या लॅन पोर्टमध्ये लावा, इंटरनेटच्या पोर्टमध्ये नाही.

४. या अवस्थेत राउटर कॉम्प्युटरला आयपी पत्ता देत नाही, त्यामुळे तो हातानं भरावा लागतो. राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर कॉम्प्युटरला १९२.१६८.१.१० देता येतो. काही मॉडेलना ठरावीकच पत्ता लागतो, तो मदत पानावर पाहा.

५. राउटर बंद करा. रीसेट बटण दाबून धरा आणि तसंच धरून वीज चालू करा. दिव्याची लुकलुक बदलली की बटण सोडा. याला रिकव्हरी मोड म्हणतात.

पुढची पद्धत कंपनीप्रमाणे बदलते. डी-लिंकच्या अनेक मॉडेलमध्ये ब्राउझरमध्ये एक साधं पान उघडतं, तिथे फाईल टाकायची. आसुसचं यासाठी वेगळं सॉफ्टवेअर आहे. टीपी-लिंकचे काही राउटर टीएफटीपी या जुन्या पद्धतीनं कॉम्प्युटरवरून फाईल स्वतः ओढून घेतात, पण फाईलचं नाव ठरलेलं असतं. लिंकसिसच्या काही मॉडेलमध्ये फर्मवेअरच्या दोन प्रती असतात. पहिली बिघडली की जुनी प्रत वापरता येते.

फाईल गेल्यावर निदान दहा मिनिटं वीज बंद करू नका. यातही राउटर सुरू झाला नाही, तर बूटलोडरच बिघडलेला असू शकतो. मग राउटर उघडून काम करावं लागतं. ते जाणकारावरच सोडा आणि वॉरंटी असेल तर आधी तिचा वापर करा.

राउटर इंटरनेट कंपनीनं दिलेला असेल तर?

फायबर जोडणीसोबत मिळालेल्या बॉक्सचं फर्मवेअर बहुतेकदा कंपनी दुरूनच बदलते. तुम्हाला ना फाईल मिळते, ना परवानगी. अशा वेळी स्वतः प्रयोग करू नका. तक्रार नोंदवा, तक्रार क्रमांक घ्या आणि 'अपडेटनंतर बंद पडला' असं स्पष्ट सांगा. बॉक्स कंपनीच्या मालकीचा आणि अपडेटही तिचंच असेल, तर बदलीचे पैसे तुमच्याकडून का, हा प्रश्न जरूर विचारा.

मग अपडेट करायचंच नाही का?

करायचं. जुन्या फर्मवेअरमधल्या त्रुटी हल्लेखोरांना माहीत असतात. सोपा पासवर्डही तितकाच घातक. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ग्राहकांचे मोडेम मालवेअरमुळे बंद पडले, तेव्हा मूळ पासवर्ड न बदललेले मोडेम त्यात सापडले होते. ग्राहकांना पासवर्ड बदलण्याचं आवाहन कंपनीला करावं लागलं.

फक्त काळजी घ्या. पावसाळ्यात विजा कडाडत असताना अपडेट नको. शक्य असेल तर राउटरला छोटा यूपीएस लावा. अपडेट वायफायऐवजी केबलनं करा आणि आधी सेटिंगचा बॅकअप घ्या. चालू असलेल्या फर्मवेअरची फाईलही उतरवून ठेवा. राउटर बंद पडल्यावर ती शोधायला घरात इंटरनेट नसतं.