पॉन्टून स्थिर खरी, पण किती जणांसाठी?

खास प्रतिनिधी

कुटुंबासह जलविहार हा महाराष्ट्रातील मध्यमवर्गाच्या सहलीचा आता नित्याचा भाग झाला आहे. एकेकाळी महाबळेश्वरच्या वेण्णा तलावातील वल्ह्यांच्या नावांवर ही हौस भागत असे. आज नाशिकजवळ गंगापूर धरणावर पर्यटन विकास महामंडळाचा बोट क्लब आहे आणि कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठी मुनावळे येथे २०२४ मध्ये जलपर्यटन केंद्र सुरू झाले आहे. देशभरातील अशा बोट क्लबांत एक विशिष्ट आकाराची बोट हटकून दिसते. दोन लांबट नळकांड्यांवर बसविलेला सपाट डेक, भोवती कठडा, वर छत आणि मध्ये दिवाणखान्यातल्यासारखी बैठक. हीच पॉन्टून बोट. आजी-आजोबांना चढण्या-उतरण्यास सोपी, लहान मुलांना मोकळी, डबा उघडून बसायलाही सोयीची. ‘ही बोट उलटत नाही’, असे धक्क्यावर छातीठोकपणे सांगितले जाते. या विधानात तथ्य आहे, पण ते अर्धेच आहे आणि उरलेल्या अर्ध्याकडे सहसा कोणी लक्ष वेधत नाही.

ही बोट मूळची अमेरिकेतील मिनेसोटा राज्याची. असंख्य तलावांच्या या राज्यात अ‍ॅम्ब्रोस वीरेस नावाच्या शेतकऱ्याने १९५० च्या दशकाच्या आरंभी पोलादी पिंपांवर लाकडी फळ्यांचा डेक ठोकून ती पाण्यात सोडली आणि पुढे तिचाच कारखाना काढला. पिंपांची जागा कालांतराने अ‍ॅल्युमिनियमच्या बंद नळकांड्यांनी घेतली. त्यांच्या आत आडव्या भिंती घालून हवाबंद कप्पे केले जाऊ लागले, म्हणजे एका कप्प्याला भोक पडले तरी बाकीचे बोटीला तारून धरतात. शांत, बंदिस्त पाणी आणि आरामात फिरणारे कुटुंब ही या रचनेची जन्मभूमी होय. समुद्राच्या लाटांसाठी ती कधीच कल्पिलेली नव्हती.

तिच्या स्थैर्याचे गणित समजायला अभियंता असण्याची गरज नाही. समजा, प्रत्येक नळकांडे ६ मीटर लांब आणि ६० सेंटिमीटर व्यासाचे आहे. त्याचे आकारमान साधारण १,७०० लिटर भरते. म्हणजे ते पूर्ण बुडेपर्यंत १,७०० किलो भार पेलू शकते. डेक, छत, बैठक व इंजिन मिळून बोटीचे वजन ९०० किलो धरले, तर प्रत्येक बाजूला ४५० किलो आले. आता सरासरी ६५ किलोची १० माणसे चढली आणि काही पाहण्यासाठी सगळीच्या सगळी एका कठड्याशी गोळा झाली, तरी त्या बाजूच्या नळकांड्यावर सुमारे १,१०० किलो भार येतो. बोट कलते, पण तिच्याजवळ ६०० किलोची शिल्लक उरते. नळकांडी एकमेकांपासून दूर असल्याने बुडणारी बाजू जोराने वर रेटते आणि बोट सावरते. ‘उलटत नाही’ हे इथपर्यंत खरे.

त्याच बोटीत २० माणसे बसवा. सर्व जण सारखे विभागून बसले, तर प्रत्येक नळकांड्यावर तेच १,१०० किलो येतात आणि बोट धक्क्यावरून निघताना अगदी ठणठणीत दिसते. मात्र ही २० माणसे एका कडेला सरकली की त्या बाजूचा भार १,७५० किलो होतो. नळकांडे पूर्ण पाण्याखाली जाते. त्यानंतर वर रेटणारे काही उरतच नाही, आणि माणसे तर अजूनही त्याच दिशेने घसरत असतात. प्रत्यक्षात नळकांड्यांची टोके निमुळती असतात आणि कठड्याला रेलणारी माणसे नळकांड्याच्याही बाहेरच्या अंगाला असतात. म्हणजे ही मर्यादा त्याहून आधीच गाठली जाते. अरुंद नाव थोड्या गर्दीनेही डगमगते, त्यामुळे बसणारा सावध होतो. पॉन्टून मात्र शेवटपर्यंत डगमगत नाही, आणि तिचा हा गुणच गर्दीच्या वेळी प्रवाशाला गाफील ठेवतो.

माणसे एका बाजूला खरोखरच जातात का? केरळमधील थेक्कडी येथे ३० सप्टेंबर २००९ रोजी पेरियार जलाशयात ‘जलकन्यका’ ही दुमजली पर्यटक बोट उलटून ४५ जणांना जलसमाधी मिळाली. काठावरचे प्राणी पाहण्यासाठी प्रवासी एका बाजूला गेल्याचे तेव्हा समोर आले होते. ती बोट पॉन्टून जातीची नव्हती, पण माणसांचा स्वभाव बोटीच्या जातीनुसार बदलत नाही. हल्ली तर प्राण्याचीही गरज नसते; सूर्यास्ताचे छायाचित्र पुरते.

दुसरा मजला हा वेगळाच धोका. डेकवर बसलेल्या माणसाचे वजन नळकांड्यांच्या जवळ असते. तोच माणूस वरच्या गच्चीवर गेला की बोट जरा कलताच त्याचे वजन वेगाने बाहेरच्या बाजूला जाते आणि कल वाढवते. केरळमध्येच तानूर येथे ७ मे २०२३ रोजी २२ जणांचा बळी घेणारी बोट ही मुळात मासेमारीची नौका होती. तिच्यावर मजला चढवून तिला पर्यटक बोट केले गेले होते आणि तीत गर्दीही होती. घराला परवानगीविना मजला चढविण्याची आपली जुनी सवय पाण्यावरही सुटलेली नाही, एवढेच म्हणायचे. पॉन्टूनच्या छतावर शिडी लावून बसण्याची सोय केलेली दिसली, तर कुटुंबाने खालीच बसावे. ती शिडी मूळ आराखड्यात होती की नंतर जोडली, याची शहानिशा धक्क्यावर होत नसते. तीन नळकांड्यांच्या बोटी अर्थातच अधिक भार पेलतात, पण त्या महाग पडतात. शिवाय तिसरे नळकांडे मध्यभागी असल्याने एका कडेला गर्दी झाल्यावर त्याचा आधार कडेच्या नळकांड्याइतका परिणामकारक नसतो.

वाऱ्याचेही तसेच. पॉन्टूनचा तळ उथळ, आणि छत, कठडे, पडदे मिळून वाऱ्याला मोठा अडसर तयार होतो. छोट्या इंजिनाची बोट जोरदार झोतात काठाकडे वळवणे चालकाला जड जाते. मे महिन्यातील वळवाचा वारा किती अवचित येतो, हे २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात दिसले. कुगाव ते कळाशी दरम्यान निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटून ६ जण मृत्युमुखी पडले. ती सहलीची बोट नव्हती. रोजच्या ये-जा करणाऱ्यांची होती. पण जलाशय तोच आणि वाराही तोच.

प्रश्न असा की, बोटीत किती जण बसवायचे हे ठरवतो कोण? अंतर्देशीय नौका कायदा २०२१ ने १९१७ चा जुना कायदा मोडीत काढला. यांत्रिक नौकांची नोंदणी, ठरावीक काळाने सर्वेक्षण, चालक-खलाशांचे प्रमाणपत्र आणि विमा हे त्याने बंधनकारक केले. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने तर २०१७ मध्येच नौका सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली होती. नियमांची वानवा नाही. मात्र प्रवासी-क्षमतेचा आकडा सर्वेक्षणाच्या कागदावर आणि कागद कार्यालयातील कपाटात, अशी स्थिती असेल तर तिकीट काढणाऱ्याला त्याचा काय उपयोग? अमेरिकेत बहुतेक पॉन्टून बोटींवर चालकाच्या नजरेसमोर एक पाटी ठोकलेली असते. तीत माणसे किती व वजन किती, हे दोन्ही आकडे असतात. वजनाचा आकडा महत्त्वाचा, कारण ‘लहान मुले मोजायची नसतात’ हा आपल्याकडचा लाडका हिशेब तेथे चालत नाही.

आकडा मोडला जातो त्यामागे अर्थकारण आहे. प्रत्येक माणसामागे तिकीट असले की चालकाला आणखी दोघे बसवण्याचा मोह होतो, आणि रविवारी रांगेतल्यांनाही तेच हवे असते. वडोदऱ्यातील हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी सहलीला आलेले १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका बुडाल्या. बोटीत क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक जण होते आणि जीवरक्षक जाकिटे सर्वांना मिळालेली नव्हती. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची चाचणीवर असलेली वेगवान बोट आदळली आणि १५ जण दगावले. तेथे दोष बोटीच्या स्थैर्याचा नव्हता. परंतु प्रवासी शंभरावर होते आणि अनेकांच्या अंगात जाकीट नव्हते. टक्कर टाळणे प्रवाशाच्या हाती नसते. जाकीट घालणे असते.

याबाबत अमेरिकी तटरक्षक दलाची आकडेवारी बोलकी आहे. २०२३ मध्ये तेथे मनोरंजनासाठीच्या नौकाविहारात ५६४ जण मरण पावले. मृत्यूचे कारण ज्ञात असलेल्यांपैकी ७५ टक्के बुडाले आणि बुडालेल्यांपैकी ८७ टक्क्यांनी जाकीट घातलेले नव्हते. हे सारे उत्तम बोटी आणि भरपूर नियम असलेल्या देशातले. आपल्याकडे जाकीट मिळालेच तर ते ओले, कुबट, बंद तुटलेले असते आणि बोट सुटताच ते काढून मांडीखाली घेतले जाते. लहान मुलाला मोठ्यांचे जाकीट चढवणे हे तर न घातल्यासारखेच. पाण्यात ते वर सरकते आणि मूल खाली निसटते. जाकीट घातल्यावर खांद्याशी धरून वर ओढावे. हनुवटीच्या वर आले, तर दुसरे मागावे. मापाचे नसेल, तर त्या फेरीत मुलाला नेऊ नये.

पॉन्टूनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवावी. मुलांना पुढच्या फाटकाशी, पाय बाहेर सोडून बसायला आवडते. चालत्या बोटीत तेथून तोल गेला, तर मूल दोन नळकांड्यांच्या मधून थेट मागच्या पंख्याकडे जाते. शिवाय पुढे गर्दी झाली की नाक खाली जाऊन पाणी डेकवर चढू शकते. बोट चालू असताना फाटक बंद आणि सगळे बैठकीवर, हा नियम चालकाने सांगितला नाही तरी पाळावा.

बोटीवर नोंदणी क्रमांक रंगवलेला आहे का, हे पाहायला क्षणभर पुरतो. क्षमता किती, हे चालकाला विचारावे आणि चढलेली डोकी स्वतः मोजावीत, तान्ह्या मुलांसकट. जेथे पूर्ण बोट तासाच्या भाड्याने मिळते, तेथे चार पैसे जास्त मोजून तीच घ्यावी. मग कितीजण चढणार हे कुटुंबच ठरवते. उन्हाळ्यात फेरी सकाळची निवडावी, कारण वळवाचे ढग सहसा दुपारनंतरच जमतात.