खुनाच्या मालिका आणि आपले घर

मैत्रिणींनो, रात्रीची जेवणे आटोपली, ओटा पुसून झाला, दुधाला विरजण लागले की दिवसातला अर्धा-पाऊण तास कसाबसा आपला स्वतःचा म्हणून मिळतो. आणि त्या वेळात पुष्कळ घरांतून टीव्हीवर काय चाललेले असते? कुठल्या तरी गावातल्या कुणा सुनेचा, नाहीतर सासऱ्याचा खून! ‘क्राइम पेट्रोल’ २००३ साली सुरू झाले, ‘सावधान इंडिया’ २०१२ साली. आता तर मोबाइलवर खऱ्या खुनांच्या मालिका केव्हाही उघडून बघता येतात. दुसऱ्या दिवशी भाजीच्या गाडीपाशी चर्चाही तीच. “मला तर बाई पहिल्यापासूनच त्या धाकट्या जावेचा संशय होता!”

हे बघू नका, असे सांगायला मी बसलेले नाही. एक तर तुम्ही ऐकणार नाही. आणि दुसरे म्हणजे, त्यात आपल्या उपयोगाचे काही नसतेच असेही नाही. पण बघून उठताना आपण मनात काय घेऊन उठतो, हे एकदा तपासून पाहायला हवे. बहुतेक वेळा आपण एकच धडा घेतो: “आजकाल कुणावर म्हणून विश्वास ठेवायची सोय राहिली नाही.” मग दाराला आणखी एक कडी लागते, कामाच्या बाईकडे आपण जरा वेगळ्याच नजरेने बघू लागतो, आणि नव्या सुनेने चहा दिला तरी कुणीतरी हसत हसत म्हणते, “आधी तूच पी गं!” मला वाटते, हा धडा चुकीचा आहे. का, ते सांगते.

झी मराठीवरची ‘देवमाणूस’ तुम्हाला आठवत असेल. ऑगस्ट २०२० मध्ये ती सुरू झाली. गावाचा लाडका डॉक्टर, आणि आतून मारेकरी! सातारा जिल्ह्यातल्या वाई-धोम भागातल्या प्रकरणावरून ती बेतलेली होती. ऑगस्ट २०१६ मध्ये तिथल्या एका डॉक्टर म्हणवणाऱ्या माणसाला पोलिसांनी अटक केली आणि २००३ पासूनच्या सहा खुनांचा आरोप त्याच्यावर आला. त्या सहांपैकी पाच बायका होत्या.

मालिका बघताना आपले सारे लक्ष त्या डॉक्टरवर. तो किती गोड बोलतो, पुढे काय करणार, सापडणार कधी! पण मूळ प्रकरणातली मला न विसरता येणारी गोष्ट म्हणजे एक साधी वजाबाकी. २००३ ते २०१६, म्हणजे तेरा वर्षे. तेरा वर्षे त्या भागातून एकेक माणूस नाहीसे होत होते. शेवटी जून २०१६ मध्ये एक अंगणवाडी सेविका बेपत्ता झाली. ती आपल्या संघटनेत पुढे होऊन काम करणारी होती, चार लोक तिला ओळखत होते. तिचा शोध घेताना मागचे सगळे बाहेर आले.

आता आपल्या गल्लीतले आठवून बघा. एखादी बाई घरातून दिसेनाशी झाली, तर पहिले वाक्य काय निघते? “गेली असेल कुणाबरोबर तरी!” अगदी सहज म्हणतो आपण. पण हे वाक्य मारणाऱ्याच्या फार कामाचे असते. घरचे लाजेने गप्प बसतात, तक्रार उशिरा होते, शोध थंडावतो. कथेतला खुनी ओळखण्यात आपण हुशार असू. पण खऱ्या खुन्याला आडोसा देणारे वाक्य आपल्याच तोंडातून निघत असेल, तर ती हुशारी काय कामाची?

बरे, ही भीती आपण नेमकी कुणाची बाळगायची? मालिकांत कारस्थान करणारी बायको, विष घालणारी सून, परका नोकर पुन्हा पुन्हा दिसतात, कारण गोष्ट त्यातच रंगते. आकडे मात्र वेगळे सांगतात. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे २०२३ साली जगात सुमारे ८५,००० बायका आणि मुली मारल्या गेल्या. त्यांतल्या सुमारे ५१,१०० जणींना नवऱ्याने, जोडीदाराने किंवा घरच्याच कुणीतरी मारले. दहांतल्या सहा! पुरुषांच्या बाबतीत हेच प्रमाण दहांत एकाच्या थोडे वर आहे. आपल्या देशात २०२२ साली ६,४५० हुंडाबळींची नोंद झाली. म्हणजे बाहेरच्या दाराला कडी कितीही घातली, तरी पुष्कळ बायकांचा धोका कडीच्या आतच असतो. बायका कधी खून करत नाहीत असे नव्हे. पण क्वचित घडणारे रोज बघत गेलो, की तेच नेहमीचे वाटू लागते आणि नेहमीचे नजरेआड होते.

दुसरी खोड म्हणजे निकालाची घाई. पाऊण तासात खुनी सापडलाच पाहिजे, अशी आपल्या मनाला सवय लागते. नोएडाचे आरुषी प्रकरण आठवा. मे २००८ मध्ये चौदा वर्षेही पूर्ण न झालेली ती मुलगी घरात मृत सापडली. पहिल्या दिवशी सगळ्यांचा संशय घरातल्या नोकरावर, हेमराजवर. तो पळाला, असेच धरून चालले. दुसऱ्या दिवशी त्याचेच प्रेत त्याच इमारतीच्या गच्चीवर मिळाले! एक दिवसभर देशाने ज्याला खुनी म्हटले, तो स्वतःच मारला गेलेला होता. पुढे त्या कोवळ्या मुलीच्या चारित्र्याबद्दल टीव्हीवर काय काय बोलले गेले, ते आठवले तरी मान खाली जाते. २०१३ साली आईवडिलांना जन्मठेप झाली. २०१५ साली या घटनेवर ‘तलवार’ चित्रपट आला. आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने आईवडिलांची निर्दोष सुटका केली. कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर आपल्यापैकी प्रत्येकीने कुणाला तरी दोषी ठरवून टाकलेले होते, खरे की नाही?

तेव्हा खुनी कोण, ते पोलिसांनी आणि कोर्टाने शोधावे. आपल्यासारख्यांच्या हातात असते ते वेगळे, आणि ते खुनाच्या आधीचे असते. त्यासाठी आपल्या पुण्यातलेच एक जुने प्रकरण सांगते.

मंजुश्री सारडा. माहेर बीडचे. फेब्रुवारी १९८२ मध्ये लग्न झाले आणि जूनमध्ये, अवघ्या चार महिन्यांत, पुण्याला सासरी तिचा विषाने मृत्यू झाला. या चार महिन्यांत तिने बहिणीला आणि मैत्रिणीला पत्रे लिहिली होती. सासरी आपले काय चालले आहे, मन कसे खचले आहे, ते त्यांत होते. सत्र न्यायालयाने नवऱ्याला फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. पण जुलै १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. तिने स्वतःच विष घेतले असण्याची शक्यता नाकारता येत नाही, म्हणून संशयाचा फायदा त्याला मिळाला. स्त्री-संघटनांनी या निकालाचा निषेध केला. दुसऱ्या बाजूने, नुसत्या परिस्थितीजन्य पुराव्यावर कुणाला दोषी कधी धरावे, याचे पाच नियम त्या निकालात घातले गेले आणि कोर्टात आजही त्यांचा आधार घेतात.

खून की आत्महत्या, याबद्दल न्यायालयांची मते वेगळी पडली. पण ती मुलगी दुःखात होती, याबद्दल मात्र कुणाला शंका नव्हती. ते कोर्टाला कळले तिच्याच पत्रांतून. पत्रे पोचली होती. पण त्यांचा उपयोग झाला तो ती गेल्यानंतर.

म्हणून माझे सांगणे एवढेच. मालिकेचा शेवट चुकला तरी चालेल, सुरुवातीची दहा मिनिटे नीट बघा. खून व्हायच्या आधी त्या घरात काय चाललेले असते? तिचा फोन कुणीतरी तपासत असते. पगार काढून घेतला जातो. माहेरी जाणे हळूहळू बंद होते. “मारून टाकीन” हे शब्द रागाच्या भरात म्हणून सोडून दिले जातात. आणि एखादी मावशी, एखादी शेजारीण म्हणते, “घरोघरी मातीच्या चुली, सहन कर.” अशी जागा आली की थांबून स्वतःला विचारा, या शेजारणीच्या जागी मी असते तर काय केले असते?

तशी वेळ खरोखर आलीच, तर या गोष्टी ध्यानात असू द्या.

कुणी मन मोकळे करू लागली, तर आधी ऐकून घ्या, आणि एकटीला गाठून ऐका. सासू किंवा नवरा समोर असताना “काय गं, त्रास देतात का?” असे विचारू नका. “मी त्याला समजावते” म्हणून परस्पर त्याच्याशी बोलायलाही जाऊ नका. त्याची शिक्षा रात्री तिलाच भोगावी लागते.

गळा दाबला होता, जिवे मारण्याची धमकी दिली, असे ती म्हणाली तर ते भांडण समजू नका. अशा घरात पुढे जिवाला धोका फार वाढतो, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. घर सोडण्याचे दिवस तर सर्वांत जोखमीचे. म्हणून “सरळ सांग त्याला, मी चालले” असा सल्ला देऊ नका. कुठे जायचे, कुणी न्यायला यायचे, ते आधी ठरू द्या. आधार कार्ड, बँकेची पुस्तके, मुलांचे दाखले यांच्या प्रती आणि थोडे पैसे तुमच्या कपाटात राहिले तर काय बिघडले? तिने पाठवलेले निरोप, फोटो पुसून टाकू नका.

अंगावर आलेच तर ११२ वर फोन करावा. सल्ला आणि मदत हवी तर १८१ आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे, आणि त्यासाठी संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. बाईला वकील फुकट मिळतो. त्यासाठी तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. पूर्वी जे ४९८-अ कलम म्हणत, ते १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ झाले आहे, आणि हुंडाबळीचे कलम आता ८० आहे. आकडे बदलले म्हणून हक्क गेला, असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

आणि आयांनो, तुमची लेक माहेरी आली आणि परत जाताना पिशवी भरायला उगाच वेळ लावू लागली, तर “जावई काय म्हणतील” असे म्हणून तिला एसटीत बसवण्याची घाई करू नका. जवळ बसवा, विचारा. “तुझी खोली इथे आहे” एवढे शब्द तिच्या कानावर पडू द्या. लग्न मोडण्याच्या गोष्टी नव्हेत या. तिला परतीची वाट उघडी आहे, एवढेच तिला कळायला हवे.

राहता राहिली मुले. जेवताना त्यांच्यासमोर या मालिका नकोत. आईवडील एकमेकांना मारतात, हे दृश्य पाहून पोर रात्री आपल्याला बिलगते, ते उगाच नव्हे. आपली करमणूक ती झोपल्यावर होऊ दे. आणि कामाच्या बाईसमोर “नोकरांचा भरवसा नाही” असे बोलून तिचे मन दुखवू नका. तिच्या दंडावरचा वळ दिसला, तर तोही विचारा.