संगणक हलवला आणि बंद पडला? आधी केबल बघा, मग मेकॅनिक!



20 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचं मतदान झालं. पुण्यातल्या कितीतरी शाळांसारखी आमची शाळाही मतदान केंद्र होती. तळमजल्यावरच्या खोल्या रिकाम्या करून द्यायच्या होत्या आणि त्यातच आमची संगणक खोली. घाईघाईत चार संगणक जिन्याने वर गेले, मतदान झाल्यावर तसेच घाईघाईत खाली आले. चारपैकी दोन सुरूच होईनात. एकाचा पंखा फिरायचा, दिवा लागायचा, पण स्क्रीन काळी. दुसरा नुसता 'बीप बीप' करायचा.

पुढचं तुम्हाला सांगायला नको. "बिघडलेत, कोणी हात लावू नका" असं ठरलं आणि दोघांवर जुनी चादर पडली. दुरुस्तीचा अर्ज झाला. जानेवारी उजाडला. उरलेल्या दोन संगणकांवर अख्खी शाळा! चौथीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, आमचा नंबर कधी?" तिच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी मोबाईल आहे, पण संगणक नाही. चौथी संपली की ही मुलं दुसऱ्या शाळेत जाणार. म्हणजे चादरीखालचा प्रत्येक आठवडा त्यांच्या वाट्यातून वजा होत होता.

म्हणून आज माझं स्पष्ट मत मांडते. हलवल्यानंतर बंद पडलेला संगणक पुष्कळदा बिघडलेला नसतो, तो फक्त सैल झालेला असतो. आणि हे तपासायची तयारी आपण शिक्षकांनी ठेवलीच पाहिजे.

असं का होतं?

संगणकाच्या डब्यात बरेच भाग नुसते खाचेत बसवलेले असतात. रॅमची पट्टी, हार्ड डिस्कची केबल, वीजपुरवठ्याच्या पिना या सगळ्या घट्ट बसण्यावरच चालतात. संगणक वर्षानुवर्षे तापतो, थंड होतो. त्याने पकड हळूहळू ढिली होते, संपर्काच्या जागी धूळ बसते. जागेवर असतो तोवर चालतो. जिन्यात एक धक्का बसला की केसाएवढी फट पडते आणि तेवढी पुरते.

काय तपासायचं?

सोप्याकडून अवघडाकडे जायचं. आपण गणित असंच शिकवतो ना?

1) सॉकेटमध्ये वीज आहे का? तिथे दुसरं काही लावून बघा. डब्याच्या मागे पॉवर केबलजवळ छोटा खटका असतो, तो हलवताना बंद होतो. तो '1' कडे हवा.

2) सगळ्या केबल काढून पुन्हा घट्ट बसवा. मॉनिटरच्या केबलला दोन स्क्रू असतील तर तेही आवळा. पिन वाकलेली नाही ना, ते बघा.

3) तरीही नाही? मग प्लग पूर्ण काढा. पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. आता झाकण उघडा. आतल्या भागांना हात लावण्याआधी डब्याच्या उघड्या धातूला हात लावा. आपल्या अंगावरची स्थिर वीज नाजूक भागांना मारक असते.

4) रॅमची पट्टी दोन्ही बाजूंचे चाप उघडून काढा. सोनेरी कडा मऊ खोडरबरने हलकेच पुसा, चुरा झटका आणि 'टक' आवाज येईपर्यंत परत बसवा. बऱ्याच संगणकांत सतत येणारे बीप म्हणजे रॅमची तक्रार असते.

5) स्क्रीनवर 'बूट डिव्हाइस' सापडत नाही असा संदेश आला तर हार्ड डिस्कच्या दोन्ही केबल नीट बसवा.

एका वेळी एकच बदल करायचा. पाच गोष्टी एकदम हलवल्या आणि संगणक सुरू झाला, तर नेमकं काय चुकलं होतं हे कळणारच नाही.

आमचे संगणक वॉरंटीबाहेरचे होते. मी मुख्याध्यापकांची परवानगी घेतली आणि एका शनिवारी शाळा सुटल्यावर बसले. माझा धाकटा भाऊ फोनवर सांगत होता. काळ्या स्क्रीनचं कारण काय निघालं? मॉनिटरची केबल अर्धीच बसली होती! दोन महिने चादरीखाली, एका केबलपायी! बीपवाला रॅम काढून बसवल्यावर सुरू झाला. पण त्याची तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली, त्यामुळे वेबसाइट उघडेनात. कारण सुरक्षित वेबसाइट उघडताना ब्राउझर तारीख तपासतो. मदरबोर्डवर सीआर 2032 नावाची 3 व्होल्टची चपटी बॅटरी असते. प्लग काढलेला असताना घड्याळ तीच चालवते. ती संपली होती. तपकीर गल्लीतून नवी आणली, तारीख नीट केली, झालं!

आणि आम्ही अर्जात काय लिहिलं होतं? "मदरबोर्ड बदलावा लागेल." रोग म्हशीला आणि औषध पखालीला, दुसरं काय!

कुठे थांबायचं?

सगळंच आपण करायचं असं मी म्हणत नाही. वॉरंटी किंवा देखभालीचा करार असेल तर झाकण उघडू नका. जळका वास आला, शॉक लागला, तर लगेच प्लग काढा. वीजपुरवठ्याचा आतला चौकोनी डबा, म्हणजे एसएमपीएस, कधीच उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते. हार्ड डिस्कमधून 'टक टक' आवाज येत असेल तर पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका, आतली माहिती कायमची जाईल. अशा वेळी मेकॅनिकच हवा.

खरी अडचण भीतीची

संगणक जडवस्तू नोंदवहीत कोणाच्या तरी नावावर असतो. हात लावला आणि काही झालं तर जबाबदारी कोणाची? ही भीती खोटी नाही, मलाही होती. पण न वापरता पडलेला संगणक नोंदवहीत सुरक्षित असला तरी मुलांसाठी तो गेलेलाच असतो. म्हणून माझी सूचना साधी आहे. बाहेरच्या केबल तपासायला कोणाची परवानगी लागू नये आणि निदान एका शिक्षकाला झाकण उघडायचं प्रशिक्षण मिळावं.

सी-डॅक आपल्या पुण्याची. 1991 मध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 'परम 8000' हा महासंगणक इथेच तयार झाला. त्याच शहरात एका सैल केबलमुळे मुलांचा संगणक दोन महिने झाकून राहावा, हे मनाला पटत नाही.

यातूनच एक पाठ

सोमवारी मी हा सगळा प्रकार मुलांना सांगितला. प्लग काढलेला डबा उघडून दाखवला. मुलं हाताची घडी घालून भोवती उभी. मग फळ्यावर तीन रकाने केले: काय दिसलं, काय वाटलं, काय तपासलं. दुसऱ्या दिवशी एक मुलगा म्हणाला, "बाई, आमचा टीव्ही लागत नव्हता. मी आधी केबल बघितली." आणखी काय हवं?

आता पुढची निवडणूक, रंगकाम किंवा खोलीबदल येईल तेव्हा एवढं करा. संगणक रीतसर बंद करा, कारण चालू असताना हलवला तर हार्ड डिस्कला इजा होते. केबल काढण्याआधी मागच्या बाजूचा मोबाईलवर फोटो काढा. प्रत्येक केबलला चिठ्ठी चिकटवा. डबा उभाच न्या, आपटू नका. हे पाच मिनिटांचं काम आहे.

आणि तुमच्याही शाळेत कुठे चादरीखाली एखादा संगणक असेलच. उद्या जरा ती चादर उचलून बघा.